विरजण न लागलेला उन्हाळा

आमच्या घरी दही लागेनासं झालं तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं. दुधाकडे नाही, मातीच्या गडग्याकडे नाही, विरजणाकडेही नाही. घरात नवी सून असली की एक सोय असते. काही बिघडलं तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती. माहेर माझं आर्वीचं, सासर वर्ध्याहून देवळीला जाताना लागणाऱ्या एका लहान गावचं. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात आणि ते तसंच राहिलेलं बरं. सासरी भाजीपाल्याची वाडी होती. वांगी, पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. वाडीला लागून गोठा, गोठ्यात दोन म्हशी, एक बैलजोडी आणि गोठ्याच्या मागून नाला. म्हशींच्या दुधाचं दही लावून सासूबाई ते देवळीच्या बाजारात नेत. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांच्या दह्याचं गडगं उलटं धरलं तरी थेंब सांडत नसे, आणि हे त्या दर बाजाराला गिऱ्हाइकासमोर करून दाखवत. भाजी विकणारे बाजारात शंभर होते, गडगं उलटं धरणारी एकच होती.

आता नाल्याचं सांगते. पूर्वी चैत्र लागला की तो आटायचा, मागे चार डबकी आणि बेडूक उरायचे. मग वरच्या अंगाला औषधांचा कारखाना आला. कॅप्सूलमध्ये भरायची पिवळी पावडर तिथे तयार व्हायची आणि भांडी धुतलेलं पाणी एका जाड नळीतून नाल्यात सुटायचं. त्यामुळे भर वैशाखात नाला वाहू लागला. गाव इतकं खूश झालं की कारखान्याच्या साहेबांना बोलावून मानाचा नारळ दिला. उन्हाळी पालक निघू लागला, म्हशी दुपारभर पाण्यात डुंबू लागल्या. कडेला कधी पिवळसर फेस दिसायचा, पण पाणी दिसायला स्वच्छ होतं. आत्याबाई तर म्हणायच्या, "वाहत्या पान्याले विटाळ नाई." हे वाक्य त्यांनी एवढ्या वेळा म्हटलं होतं की मलाही ते खरं वाटायचं.

त्या वैशाखात एका सकाळी गडगं उघडलं तर वर साय, खाली दूध, आणि मधे विरजणाचा गोळा बिचारा एकटाच तरंगत होता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बाजार होता. वरची साय घट्ट दिसली म्हणून आत्याबाई फसल्या आणि गडगी घेऊन देवळीला गेल्या. तिथे एक धोतरवाले गृहस्थ भाव करू लागले. आत्याबाईंनी सवयीप्रमाणे गडगं उचललं आणि त्यांच्या पायांवर उलटं धरलं. शेरभर दूध त्या गृहस्थांच्या धोतरावरून वहाणांत गेलं. सगळा बाजार हसला. आत्याबाईंच्या आयुष्यात त्यांना कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं.

त्या घरी आल्या त्या तशाच माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तू बाहेरची असून दुधाले शिवली. खरं सांग."

महिन्याचे चार दिवस आमच्या घरी बाई ओसरीच्या कोपऱ्यात बसायची. चुलीला, पाण्याला, दुधाला हात लावायचा नाही. बाहेरच्या बाईनं विरजण लावलं तर दही लागत नाही, हे आमच्याकडे सूर्य पूर्वेला उगवतो तसं सगळ्यांना माहीत होतं. मी ते चार दिवस मुकाट्यानं पाळत होते.

"नाही शिवले, आत्याबाई."

"मंग दही काऊन लागून नाई राह्यलं?"

मी यांच्याकडे पाहिलं, म्हणजे नवऱ्याकडे. यांनी बैलांना पाणी दाखवायला जायचं काढलं. त्या दिवशी बैलांना तीनदा पाणी मिळालं.

दुधाचं भांडं माझ्या हातून गेलं. विरजणाची वाटी आत्याबाईंनी उंच फळीवर ठेवली आणि मला सांगितलं, "तू गोठ्यातलं शेन पाह्यजो." आठवडाभरात ही बातमी नाल्याकाठच्या सगळ्या घरांत पोचली. विहिरीवर बायका माझ्याकडे पाहून बोलणं बदलू लागल्या. शेण काढायची मला लाज नव्हती. पण सासरी दुधाच्या भांड्याला हात लावायचा हक्क म्हणजे घरात असण्याचा हक्क असतो, तो गेला होता, आणि वरून मी खोटारडी ठरले होते. मला ते भांडं परत हवं होतं. दुसरं काही नको होतं. त्या दिवसांत मी शेणाच्या पाट्या उचलताना एवढी रडले आहे की आज सांगताना माझाच मला राग येतो.

पण शिक्षा कधीकधी आपल्याच कामाला येते. एका सकाळी मी गोठ्याच्या आडोशाला शेण भरत होते. आत्याबाई धार काढून उठल्या, दुधाची कासंडी घेऊन मागल्या दारानं नाल्यावर गेल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि पेलाभर पाणी कासंडीत ओतलं. मग आणखी अर्धा पेला. मग मागं वळल्या आणि मी दिसले.

त्यांनी कासंडीवर पदर ओढला. त्या निघून गेल्या. विहिरीवर चार डोळे असतात, नाल्यावर कुणी नसतं, म्हणून पाणी नाल्याचं. म्हशीच्या दाट दुधाला तेवढं पाणी सहज पचतं, गडगं उलटं धरलं तरी कळत नाही. पण तोवर माझ्या डोक्यात दूध आणि पाणी एवढंच आलं होतं. पाण्यात काही असेल हे आलं नव्हतं.

ते आणलं गोबरगॅसनं. आमच्या भागात तेव्हा बऱ्याच घरी गोबरगॅस होता. शेण आणि पाणी सारखं कालवून कुंडीत सोडायचं, ते आत कुजतं, गॅस धरतो आणि वरची लोखंडी टाकी उचलली जाते. आमची टाकी खाली बसू लागली. शेगडीची ज्योत आधी पिवळी झाली, मग फुरफुरली, मग विझली. शेण तेच, मेहनत तीच. पाणी मात्र त्या उन्हाळ्यात मी विहिरीवरून ओढत नव्हते, कारण नाला गोठ्याला टेकूनच वाहत होता.

आत्याबाई म्हणाल्या, "आता गॅसलेही शिवली काय वं?"

मी कोपरापर्यंत शेणानं भरलेले हात घेऊन उभी राहिले आणि मला एकदम हसू आलं. दह्याला विटाळ होतो असं ऐकलं होतं. शेणाला विटाळ होतो हे कुणाच्या बापानं ऐकलं नव्हतं. विटाळ फेडायलाच तर शेणाचा सडा घालतात! मग दही आणि शेण, दोन्ही एकदम कशानं बिघडलं? आणि तिथे, त्या कुंडीच्या काठावर, मला माहेरची गाय आठवली. तिचं थान सुजलं होतं, गुरांच्या डॉक्टरांनी सुई टोचली होती आणि जाताना माझ्या आईला सांगितलं होतं, "चार दिवस हे दूध विरजू नका, बाई. लागणार नाही. दुखणं मारणारं औषध विरजणालाही मारतं."

वर औषधांचा कारखाना. खाली आमचं विरजण.

त्याच दुपारी आत्याबाई झोपल्यावर मी फळीवरच्या वाटीतून चमचाभर विरजण चोरलं. गोठ्यात दोन वाट्या मांडल्या. एकीत नुसतं दूध, दुसरीत दूध आणि नाल्याचं पाणी, विरजण दोन्हींत. वैशाखातलं आमचं ऊन म्हणजे काय विचारू नका; चार तासांत पहिल्या वाटीतलं दही बोटानं उचलून घेता आलं. दुसरीतलं दूध जसंच्या तसं राहिलं. मी दोन्ही वाट्या आत्याबाईंसमोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं.

त्यांनी दोन्ही वाट्यांत बोट घालून पाहिलं. मग म्हणाल्या, "दुधात पानी टाकते हे कोनाले सांगशील तं माह्याशी गाठ हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुधात पाणी टाकणं बंद केलं. दही लागलं. झक्क लागलं. आणि आत्याबाई विहिरीवर सांगू लागल्या, "सुनीच्या हातून भांडं काढलं अन् पाहा, दही लागलं."

मी पेटले. म्हणजे मीच शोधायचं, मीच सिद्ध करायचं, आणि त्या पुराव्यावर मलाच फाशी द्यायची! रात्रीचं जेवण मी दोन दिवस सोडलं. यांनी विचारलं, काय झालं. म्हटलं, बैलांना विचारा.

तोवर नाल्याकाठच्या सगळ्याच घरांचे गोबरगॅस बसले होते. गॅसवाले अधिकारी येऊन "तुम्ही नीट कालवत नाही" म्हणून बोलून गेले. शेवटी सरपंचांनी शाळेच्या ओसरीवर सभा बोलावली आणि कारखान्याच्या साहेबांना या म्हणून निरोप धाडला. मी ठरवलं, तिथे बोलायचं. दूध, विरजण, विहिरीचं पाणी, सगळं तयार केलं. यांना खरं ते सांगितलं. यांनी पहिल्यांदाच बैल सोडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गडगी मी नेतो."

आणि सभेच्या दिवशी पहाटे माझी पाळी आली. तारखेच्या चार दिवस आधी.

कोपऱ्यात बसले तर सभा गेली. आणि लपवून गेले तर ज्या गोष्टीचा खोटा आळ माझ्यावर होता तीच मी खरी करणार होते. मी शिकलेली होते, मॅट्रिकला विज्ञान होतं, तरी उंबरठा ओलांडवेना. कारण मनाच्या तळाशी मलाही वाटत होतं, चांगल्या गडग्यातलंही दही नाही लागलं तर? तर सगळं गाव म्हणेल ते खरं, आणि मला स्वतःलाही ते मानावं लागेल. मी डोक्यावर पदर घेतला आणि निघाले. कुणाला काही सांगितलं नाही.

साहेब काचेची बाटली घेऊन आले होते. नाल्याचं पाणी. त्यांनी ती उन्हात धरली. "पाहा, आरपार दिसतं." आणि सगळ्यांसमोर घोटभर प्यायले. लोकांनी माना डोलावल्या. बायकांच्या घोळक्यातून मी उभी राहिले. सासरच्या पुरुषांसमोर माझा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा निघाला.

"साहेब, पाणी पिऊन काय दाखवता? त्याचं दही लावून दाखवा."

हशा झाला. मी गाईची गोष्ट सांगितली, शेणाची सांगितली, दोन वाट्यांची सांगितली. साहेब ऐकून घेत होते, हसत होते. म्हणाले, "पण बाई, दुधात नाल्याचं पाणी घालतं तरी कोण?"

गावातल्या निम्म्या म्हशीवाल्या बायका एकदम आपापल्या बांगड्या मोजू लागल्या. आणि मागून एक म्हातारे ओरडले, "अरे, हिचा हातच तसा हाय! हिच्या सासूनंच सांगतलं, भांडं काढल्यावर दही लागलं म्हून!"

"मग झालं तर," साहेब म्हणाले. "यात पाण्याचा काय दोष?" आणि त्यांनी बाटलीला बूच लावलं.

मी गडगी उचलायला वाकले. तेवढ्यात माझ्या शेजारून आत्याबाई उठल्या.

"मी टाकत होती," त्या म्हणाल्या. "दुधात नाल्याचं पानी मी टाकत होती. रोज. पोरीचा हात चांगला हाय. पानी बंद केलं म्हून दही लागलं, भांडं काढलं म्हून नाई. मी खोटं सांगतलं." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "आता लावू द्या तिले."

देवळीच्या बाजारात गडगं उलटं धरणारी ती बाई. तिथली निम्मी गिऱ्हाइकं त्या ओसरीवर बसली होती. कुणी हसलं नाही.

सरपंचांनी आपल्या हातांनी मोजलं. एका गडग्यात नुसतं दूध, दुसऱ्यात पेलाभर विहिरीचं पाणी, तिसऱ्यात साहेबांच्याच बाटलीतलं पेलाभर. तिन्हींत विरजण मी माझ्या बोटानं लावलं. गडगी वर्गात ठेवली, कुलूप घातलं, किल्ली सरपंचांच्या खिशात. दहा वाजले होते. तीनपर्यंत मी कडुलिंबाखाली बसून राहिले. पोटात कळा येत होत्या आणि मी देवाला हात जोडावेत की नाही हेही मला कळत नव्हतं, कारण अशा दिवशी तेही चालत नाही म्हणतात.

तीन वाजता कुलूप निघालं. सरपंच पहिलं गडगं उचलणार तोच आत्याबाईंनी ते घेतलं. साहेबांसमोर गेल्या. साहेबांच्या पायांत काळे, चकचकीत पॉलिश केलेले बूट होते.

"पाय पुढं करा, साहेब."

साहेब गोंधळले, पण इतके लोक पाहत होते, पाय पुढे केला. आत्याबाईंनी गडगं त्या बुटावर सरळ उलटं धरलं. एक थेंब नाही. मी श्वास सोडला. दुसरं, विहिरीच्या पाण्याचं. उलटं धरलं. एक थेंब नाही. मग त्यांनी तिसरं उचललं, साहेबांच्याच बाटलीचं, आणि बुटावर नेलं.

साहेबांनी पाय मागे घेतला.

मग जो हशा उठला तो मला आज चाळीस वर्षांनीही ऐकू येतो. आत्याबाईंनी तिसरं गडगं मातीवर ओतलं. दूध होतं ते दूधच पडलं, आणि साहेब काही न बोलता जीपमध्ये जाऊन बसले.

कारखान्याचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. सरकारी माणसं आली, पाण्याच्या बाटल्या भरून नागपूरला नेल्या. त्या बाटल्या अजून नागपूरलाच आहेत. पण आम्ही बायकांनी वाट पाहिली नाही. रोज सकाळी पंधरावीस जणी नाल्याच्या पाण्याचं न लागलेलं गडगं घेऊन कारखान्याच्या फाटकापुढे ओळीनं मांडून ठेवू लागलो. संध्याकाळपर्यंत ते नासायचं, वास सुटायचा, कामगार नाकाला रुमाल लावून आत जायचे. पंधरा दिवसांनी मोठे मालक मोटारीनं आले, ओळ पाहिली, वास घेतला आणि नळी बंद करायला सांगितलं. आत सिमेंटचे हौद बांधले गेले. पुढच्या चैत्रात आमचा नाला पूर्वीसारखा आटला. उन्हाळी पालक गेला म्हणून काहींनी कुरकुर केली, मीही दोन वाफे गमावले. पण गोबरगॅसच्या टाक्या वर आल्या आणि डबक्यांत बेडूक ओरडू लागले. आटलेला नाला पाहून आनंदानं पेढे वाटणारं गाव जिल्ह्यात दुसरं नसेल.

आता त्या दिवशीच्या संध्याकाळी परत येते.

विहिरीच्या पाण्याचं गडगं आत्याबाईंनी घरी आणलं होतं. चुलीपुढे बसून त्या भाकरीबरोबर ते दही खात होत्या. घट्ट, कवडीचं दही, सुरीनं कापावं असं. "लय चांगलं लागलं," त्या म्हणाल्या. त्यांनी सगळ्या गावासमोर आपलं सांगून टाकलं होतं. मला वाटलं, मीही माझं सांगावं. नाहीतर मी त्यांच्याहून लहान राहीन.

"आत्याबाई, आज पहाटेच मी बाहेरची झाले. ते दही मी तशाच हातानं लावलं."

त्यांचा घास तोंडाशी थांबला. त्यांनी गडग्यात पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं, पहिल्यांदा पाहिलं होतं तसंच, पण खूप जास्त वेळ. आणि मग त्यांनी घास तोंडात घातला, नीट चावला, गिळला.

"उद्यापासून विरजन तूच लावजो," त्या म्हणाल्या. "माह्या हाताले पानी टाकाची सवय लागली हाय."

मग त्या उठल्या, उंच फळीवरची विरजणाची वाटी काढली आणि माझ्या हातात दिली. ओसरीच्या कोपऱ्यात त्या घरातली बाई त्यानंतर कधी बसली नाही.